देशी भांडें आणि त्याची पारख

संसारांत येणाऱ्या वस्तूंपैकीं भांड्याइतकें दीर्घ आयुष्य फारच थोड्या वस्तूंना लाभतें. कापड विरतें, लांकडाला भुंगा लागतो, छत्री चार पावसाळे काढते आणि निकामी होते. परंतु आजेसासूच्या नांवाचीं अक्षरें कोरलेलें पितळी पातेलें नातसुनेच्या हातीं येतें आणि तिच्या हातूनहि पुढें जातें. शिवाय भांड्याचा संबंध नुसता पैशाशीं नसून रोज पोटांत जाणाऱ्या अन्नाशीं आहे. असें असूनहि लुगडें घेतांना पदर उलगडून पाहणारी आणि ज्वारी घेतांना दाणा दांताखालीं चावून पाहणारी चतुर गृहिणी भांडें घेतांना मात्र बहुधा त्याची चकाकी आणि किंमत एवढ्या दोनच गोष्टी पाहते.

स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत, म्हणजे १९०५ नंतरच्या वर्षांत, भांड्यासंबंधीं मुख्य प्रश्न एकच होता : हें कोठें बनलें? आज तो प्रश्न जवळ जवळ सुटला आहे. बुलढाणा, चिखली किंवा मलकापूरच्या दुकानांत मांडलेलीं बहुतेक भांडीं देशांतच घडलेलीं असतात. परंतु एक प्रश्न सुटला म्हणजे दुसरा पुढें येतो. भांडें देशी आहे, एवढ्यानें तें चांगलें ठरत नाहीं. तें कशाचें आहे, कसें घडविलें आहे आणि ज्या घरांत तें जाणार तेथील पाणी, जळण व अन्न यांस तें मानवेल कीं नाहीं, हें पाहिल्याशिवाय देशाभिमान आणि आरोग्य या दोहोंचें समाधान एकदम होणें शक्य नाहीं.

बुलढाणा जिल्ह्याचें उदाहरण या दृष्टीनें मोठें बोधप्रद आहे. ह्या जिल्ह्याचे दोन स्वाभाविक भाग पडतात. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. आणि घाटाखालीं मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर. घाटाखालून पूर्णा नदी वाहते, आणि तिच्या दोन्ही कांठांस अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरलेला आहे. ह्या पट्ट्यांतील विहिरींचें पाणी क्षारयुक्त. घाटावर लोणारच्या सरोवराचें पाणी तर सोड्यासारख्या क्षारांनीं भरलेलें. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘ऐने-अकबरी’ ग्रंथांतसुद्धां ह्या डोंगरांत कांच व साबण बनविण्याचें साहित्य मिळतें असा उल्लेख आहे. अर्थात् पुण्या-मुंबईच्या गोड्या पाण्यांत जें भांडें वर्षानुवर्षें नवें दिसतें, तेंच भांडें शेगाव-संग्रामपूरकडील एखाद्या घरांत वर्षभरांत काळवंडतें किंवा तळाशीं टिपके पडून खराब होतें. त्याचा दोष पुष्कळदां दुकानदारावर येतो. खरें कारण विहिरींत असतें.

भांड्याची निवड कळण्यासाठीं आधीं धातूंचा एक गुण ध्यानांत घ्यावा लागतो, तो म्हणजे उष्णता वाहून नेण्याची शक्ति. स्टेनलेस पोलादाची ही शक्ति १ धरली, तर बिडाची सुमारें ३, पितळेची ७, ॲल्युमिनियमची १५ आणि तांब्याची २५ येते. चुलीची आंच ज्या जागीं लागते तेथून ती सर्व तळभर पसरली, तर अन्न सारखें शिजतें. ती एकाच जागीं कोंडून राहिली, तर मध्यें करपतें आणि कडेला कच्चें राहतें. पातळ स्टेनलेसच्या पातेल्यांत दूध तळाला लागतें आणि आजीच्या पितळी पातेल्यांत तें लागत नसे, याचें कारण आजीचा हातगुण जितका, तितकाच पितळेचा हा गुण होय.

प्रथम तांब्या-पितळेचा विचार करूं जातां बुलढाणा जिल्ह्याचें स्थान मोठें सोयीचें आहे असें दिसून येतें. मुंबईहून नागपुराकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या गांवांवरून जातो. ह्याच मार्गावर पश्चिमेस नाशिक आणि नागपुरापलीकडे पूर्वेस भंडारा, हीं पितळेच्या कामासाठीं नांवाजलेलीं दोन गांवें आहेत. १८७० सालीं जलंबपासून खामगावपर्यंत फांटा निघाला तो तेथील कापसाच्या पेठेसाठीं. परंतु ज्या गाडीनें कापूस जातो तिनेंच हंडे-घागरी परत येऊं शकतात. खामगावची चांदी आज दूरवर प्रसिद्ध आहे. तेथील चांदीचीं ताटें-वाट्या मंगलकार्यांत मिरवतात. रोजच्या स्वयंपाकाचा भार मात्र पितळेनें, लोखंडानें आणि मातीनेंच वाहिला आहे.

तांबट आणि कासार ह्यांच्या हातचें ठोकीव भांडें आणि कारखान्यांत दाबून काढलेलें भांडें यांत दिसण्यापेक्षां घडणीचा भेद अधिक आहे. तांबट पत्रा तापवितो, विझवितो, पुन्हां ठोकतो आणि शेवटीं गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें त्यावर मठारकाम करतो. भांड्याच्या अंगावर खवल्यांसारखे जे चकचकीत ठसे दिसतात ते केवळ शोभेसाठीं नसतात. हातोडीच्या प्रत्येक घावानें धातूचे कण दाटतात आणि मूळचा मऊ पत्रा कठीण होतो. म्हणून मठारलेला हंडा सहजासहजीं पोचत नाहीं. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळीचें नांवच ह्या धंद्यावरून पडलें आहे. पंजाबांत अमृतसरजवळील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या ह्याच जातीच्या कलेस २०१४ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. महाराष्ट्रांतील तांबटाचा हातोडाहि त्याच वारशांतला आहे, हें गिऱ्हाइकानें विसरूं नये.

पितळेचें किंवा तांब्याचें भांडें पारखण्याची रीत अवघड नाहीं. तें प्रथम हातांत तोलून पाहावें. ठोकीव भांड्याचा तळ कांठापेक्षां पातळ असतां कामा नये. बोटानें टिचकी मारली असतां आवाज स्वच्छ आणि लांबत जाणारा यावा. तो फुटका किंवा बसका आला, तर कोठें तरी चीर अथवा कच्चा सांधा आहे असें समजावें. सांधा असलेल्या भांड्याच्या आंतील बाजूनें हात फिरवून पाहावें. आंतून राखी रंगाचा मऊ डाख दिसल्यास त्यांत शिसें असण्याचा संभव असतो; असें भांडें पाण्याला नको व स्वयंपाकालाहि नको. पितळेवर लाखेचा पारदर्शक मुलामा दिलेला असतो तो शोभेच्या भांड्याचा होय. चुलीवर तो जळतो, म्हणून असें भांडें देवघराबाहेर किंवा दिवाणखान्यांतच शोभतें.

परंतु पितळेच्या भांड्याचा प्राण कल्हईंत आहे. बिनकल्हईच्या पितळेंत ताक, चिंच किंवा लिंबू घातलेला पदार्थ कळकतो हें प्रत्येक घरांतील वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असतें. आंबट रसानें तांबें विरघळून अन्नांत उतरतें, तोंडाला कडवट चव येते आणि पोटांत मळमळतें. कल्हई म्हणजे शुद्ध कथलाचा पातळ थर. भांडें घांसून तापवावयाचें, त्यांत नवसागराची भुकटी टाकावयाची, तिच्या धुरानें धातूवरचा मळ निघाला कीं कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानें तो रस सर्वत्र पसरावयाचा, अशी ती क्रिया आहे. कथील २३२ अंश उष्णतेस वितळतें. म्हणून कल्हईचें भांडें रिकामें असतां चुलीवर कधींहि ठेवूं नये. पाणी किंवा तेल आधीं, आंच मागाहून. फोडणी जळूं दिली तरी कल्हई जाते.

कल्हईंतली खरी लबाडी म्हणजे कथलांत शिसें मिसळणें. शिसें स्वस्त आणि त्या मिश्रणाचा रस सुखानें पसरणारा, म्हणून हा मोह होतो. तो ओळखण्याच्या दोन साध्या खुणा आहेत. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वांकविली असतां आंतून करकर असा बारीक आवाज निघतो. शिशाची भेसळ वाढत गेली म्हणजे हा आवाज मंदावतो. दुसरी खूण अशी कीं शिसें मऊ असल्यामुळें तें पांढऱ्या कागदावर काळी रेघ उमटवितें. कल्हई थंड झाल्यावर आंतून कोरा कागद जोरानें घांसून पाहावा. काळे ओरखडे उमटले तर तें भांडें स्वयंपाकास न वापरतां कल्हई काढून पुन्हां करवून घ्यावें. कल्हईवाल्याची हांक पूर्वी प्रत्येक आळींत ऐकूं येई; आतां ती दुर्मीळ झाली आहे. शेजारच्या चार घरांनीं मिळून सहा महिन्यांनीं एक दिवस ठरवून त्याला बोलाविलें, तर त्याचाहि फेरा सार्थकीं लागतो आणि पितळेचीं भांडीं माळ्यावरून पुन्हां खालीं येतात.

ॲल्युमिनियमची कथा निराळी आहे. हा धातु हिंदुस्थानच्या स्वयंपाकघरांत शिरला त्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं ॲल्युमिनियमचीं भांडीं घडविण्याचा उपक्रम सुरू केला. कारागीर येथले, घाट येथला, मात्र धातु परदेशाहून येई. देशांतच हा धातु काढण्यास त्यानंतर दीर्घ काळ लागला. त्रावणकोरांतील अलवाये येथें १९४३ सालीं तो प्रथम निघूं लागला. हलका, स्वस्त आणि आंच झटकन् पसरविणारा असल्यामुळें तो गरिबाच्या व हॉटेलवाल्याच्या अशा दोघांच्याहि चुलीवर चढला.

ह्या धातूचे दोन शत्रु आहेत, एक आंबट आणि दुसरा क्षार. आणि बुलढाणा जिल्ह्यांत दुसऱ्या शत्रूचें राज्य आहे. ज्या पाण्यांत चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार अधिक, त्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं. कारण ते क्षार डाळीच्या टरफलांतील व गरांतील चिकट द्रव्यास घट्ट धरून ठेवतात. मग गृहिणी चिमूटभर सोडा टाकते. डाळ शिजते, पण सोडा ॲल्युमिनियमला खातो. आंतील बाजू काळी पडते ती त्याचीच खूण. काळेपणा स्वतः मोठासा अपायकारक नसला, तरी धातु झिजून अन्नांत जात आहे हें तो सांगत असतो. लिंबाच्या सालींचें पाणी उकळलें कीं काळेपणा जातो. परंतु रोज झिजविणें आणि रोज उजळविणें हा कांहीं शहाणपणाचा मार्ग नव्हे. खारपाण पट्ट्यांतील घरांत डाळीसाठीं स्टेनलेसचा कुकर आणि भातासाठीं वाटल्यास ॲल्युमिनियमचें पातेलें, अशी वाटणी अधिक सोयीची. डाळ रात्रीं भिजत घातली आणि पिण्यासाठीं आणलेलें गोडें पाणी तिला वापरलें, तर सोड्याची गरजहि उरत नाहीं.

ॲल्युमिनियमच्या बाबतींत याहून गंभीर धोका आहे तो मोडीच्या धातूचा. जुन्या यंत्रांचे भाग, तारा, रंगाचे डबे वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसें येऊं शकतें. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें आयात होणाऱ्या कांहीं ॲल्युमिनियमच्या, पितळेच्या आणि हिंडालियम या नांवानें विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या भांड्यांतून अन्नांत शिसें उतरूं शकतें असा जाहीर इशारा दिला, आणि त्यांत भारतांत घडलेलीं भांडींहि होतीं. शिशाचें अमुक प्रमाण मुलांस निर्धोक आहे असें म्हणण्यास शास्त्रांत जागा नाहीं, हें जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट मत आहे. बालकांच्या मेंदूवर त्याचा जो परिणाम होतो तो पुढें भरून निघत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं. तसेंच मूळ धातूंत जें विष आहे तें घांसूनपुसून जात नाहीं. देशी मालाचा अभिमान बाळगणाऱ्यानें अशा वार्तेनें रागावून न जातां तिचा उपयोग करावा. ओतीव, खडबडीत, बिननांवाचें आणि आश्चर्य वाटावें इतकें स्वस्त ॲल्युमिनियम घरांत न आणणें हा तो उपयोग होय. पत्र्यापासून काढलेलें, निर्मात्याचें नांव ठसविलेलें भांडें अधिक विश्वासाचें.

स्टेनलेस पोलाद हा आजच्या स्वयंपाकघराचा राजा आहे. इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं १९१३ सालीं हें न गंजणारें पोलाद तयार केलें. आपल्याकडे दीर्घकाळ त्याचे पत्रे परदेशाहून येत. १९८१-८२ मध्यें तामिळनाडूंतील सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाल्यावर देशी पत्रा मुबलक मिळूं लागला, आणि मुंबईजवळील भाईंदर, हरियाणांतील जगाधरी अशा ठिकाणचीं भांडीं गांवोगांव पोंचलीं.

ह्या पोलादाच्या पारखेंत एक गैरसमज फार पसरला आहे. लोहचुंबक चिकटला नाहीं म्हणजे उत्तम स्टेनलेस, असें पुष्कळ लोक मानतात. वस्तुस्थिति अशी. शंभर भागांत सुमारें १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकल असलेलें जें उत्तम पोलाद, ज्यास ३०४ हा क्रमांक आहे, त्यास चुंबक चिकटत नाहीं हें खरें. परंतु महाग निकल कमी करून त्याच्या ऐवजीं मँगेनीज घातलेलें २०० च्या मालिकेंतील पोलादहि चुंबकास दाद देत नाहीं. म्हणजे ह्या परीक्षेनें हीं दोन्ही एकाच माळेचे मणी ठरतात. निवडीचा खरा प्रसंग खाऱ्या पाण्यांत येतो. मीठ व खारें पाणी हळूं हळूं पोलादास टोंचून सूक्ष्म खड्डे पाडतें आणि हलक्या जातीच्या पोलादावर तपकिरी डाग दिसूं लागतात. म्हणून घाटाखालच्या घरांनीं निदान पाणी सांठविण्याचीं व आमटीचीं भांडीं ३०४ क्रमांकाचीं, तसा ठसा व पावती पाहून घ्यावीं. आणि भांडें कितीहि उत्तम असो, मीठ पाण्याला उकळी आल्यावरच टाकावें. थंड पाण्याच्या तळाशीं बसलेला मिठाचा खडा उत्तम पोलादालाहि टिपका पाडतो.

जाडीसंबंधीं दुकानदार गेजची भाषा बोलतो. येथें आंकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हें लक्षांत असावें. १८ गेजचा पत्रा सुमारें सव्वा मिलिमीटर जाड, तर २४ गेजचा सुमारें अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् अधिक. ताट-वाटीला पातळ पत्रा चालतो. कढईला व पातेल्याला चालत नाहीं. पोलादाच्या दोन पत्र्यांमध्यें ॲल्युमिनियमचा थर दाबून बसविलेला तळ असल्यास आंच सारखी पसरते. भांडें उलटें करून हा थर कांठापर्यंत गेला आहे कीं मध्येंच एक चकती डकविली आहे, तें पाहून घ्यावें.

इतकें पोलादाचें झालें. पण वऱ्हाडची भाकरी अजूनहि लोखंडाच्या तव्यावरच फुगते. ज्वारीची असो वा कळण्याची, तिला जी कोरडी, टिकाऊ आंच लागते ती जाड लोखंड किंवा बीडच देऊं शकतें. येथें तर देशी माल शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. आठवड्याच्या बाजारांत पाल ठोकून बसणारे घिसाडी व गाडीलोहार भाता फुंकून तवा, कढई, उलथनें, विळा डोळ्यांदेखत घडवून देतात. तळ किती खोल, कडी कशी, जाडी किती, हें सांगून करवून घेतां येणारें भांडें हेंच आज उरलें आहे. तव्याची परीक्षा सपाट फरशीवर करावी. तो डुगडुगत असेल तर आंच एकीकडे लागेल. बिडाच्या भांड्यावर खोल छिद्रें किंवा केंसासारखी चीर नसावी. नवें भांडें घांसून, वाळवून, तेलाचा हलका हात देऊन तापवावें, आणि ही क्रिया पांच-सहा वेळां करावी. म्हणजे त्यावर काळा तुळतुळीत थर बसतो. चिकट न होऊं देणारे परदेशी लेप जें काम करतात तेंच हा घरगुती लेप करतो, आणि खरवडला तरी पुन्हां चढवितां येतो.

लोखंडी भांड्याचा आणखी एक लाभ आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तांत लोहाशीं संबंधित द्रव्य कमी आढळलें, म्हणजे त्यांना पांडुरोग होता. लोखंडी कढईंत पालेभाजी, विशेषतः टोमॅटो किंवा लिंबू घातलेली भाजी शिजविली, तर थोडें लोह अन्नांत उतरतें. हें औषधाची जागा घेणार नाहीं, परंतु औषधाला हातभार लावील. मात्र आंबट पदार्थ शिजला कीं लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावा. रात्रभर कढईंत राहिल्यास तो काळा पडतो आणि बेचव होतो.

मातीला विसरून तर ह्या जिल्ह्यांत भांड्यांचा विचार पुराच होत नाहीं. आखाजीला घागर भरण्यासाठीं कुंभाराच्या दारीं गर्दी होते. मलकापूर-जळगाव जामोदकडील, खानदेशाला लागून असलेल्या भागांत पुरणाचे मांडे भाजण्यास उपडें मातीचें खापरच लागतें. त्या मोठ्या, पातळ, हातावर लांबविलेल्या मांड्याला लोखंडाची कडक आंच सोसत नाहीं. मातीचें भांडें घेतांना तें चांगलें भाजलेलें आहे कीं नाहीं हें टिचकीच्या खणखणीत आवाजावरून कळतें. कच्चें भांडें थप्प असा आवाज देतें आणि पाण्यांत विरतें. आंतून रंग किंवा चकचकीत झिलई दिलेलें स्वस्त भांडें मात्र टाळावें, कारण झिलईंत शिसें वापरण्याची पद्धति सर्वत्र बंद झालेली नाहीं. साध्या, बिनरंगी भांड्यांत हा धोका नसतो.

आतां एवढी सर्व परीक्षा प्रत्येक गृहिणीनें दुकानांत उभें राहून करावी कशी, असा प्रश्न निघेल. त्याचें अर्धें उत्तर सरकारी मुद्रेंत आहे. स्वातंत्र्याच्या वर्षारंभीं, ६ जानेवारी १९४७ रोजीं, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तिचीच जागा १९८७ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें घेतली. तिची ‘आय. एस. आय.’ मुद्रा कुकरवर असणें १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचें झालें. ही सक्ति उगीच नव्हे; कुकरच्या आंत पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें, आणि हलका कुकर फुटला तर घरांत बाँबगोळा पडल्यासारखेंच होतें. १४ मार्च २०२४ रोजीं केंद्र सरकारनें स्टेनलेस व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठींहि ही मुद्रा आवश्यक करणारा आदेश काढला. मुद्रा पाहतांना नुसतें चिन्ह पाहून थांबूं नये. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खालीं परवान्याचा क्रमांक असला पाहिजे. कुकरसाठीं मानक २३४७ आहे. परवान्याचा क्रमांक ब्यूरोच्या मोबाइलवरील ‘बी. आय. एस. केअर’ या साधनांत घातला कीं निर्मात्याचें नांव कळतें. तें नांव व भांड्यावरचें नांव जुळलें नाहीं, तर ती मुद्रा खोटी समजावी.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग गिऱ्हाइकाच्या स्वभावांत आहे. तांबट, कल्हईवाला, घिसाडी व कुंभार यांच्या मालावर मुद्रा नसते. तेथें ओळख हीच मुद्रा. ज्याच्याकडून तवा घेतला त्याच्याकडे पुढल्या बाजारीं पुन्हां जाणें, वाईट निघाल्यास त्याला सांगणें आणि चांगलें निघाल्यास चार घरीं त्याचें नांव करणें, ह्यानें जी हमी उत्पन्न होते ती कागदी हमीहून कमी नाहीं. फेरीवाल्या बोहारणीला जुनीं लुगडीं देऊन घेतलेलें पातळ पातेलें फुकट मिळाल्यासारखें वाटतें. पण चार महिन्यांत त्याचा तळ फुगतो. ताट, डबा किंवा चाळण बोहारणीकडून घ्यावी. आंचेवर चढणारें भांडें नव्हे.

खर्चाचा हिशेबहि येथें पाहण्यासारखा आहे. चिकट न होऊं देणारा लेप लावलेलें भांडें लेप निघाला कीं टाकून द्यावें लागतें. त्याला मोड नाहीं. पितळेचा किंवा तांब्याचा हंडा पन्नास वर्षांनीं फुटला, तरी वजनावर त्याचे पैसे येतात आणि तोच धातु नव्या हंड्यांत जातो. म्हणून पहिली किंमत अधिक असली तरी शेवटची किंमत कमी पडते. लग्नांत आंदण म्हणून वीस पातळ भांडीं देण्यापेक्षां एक जाड पितळी पातेलें कल्हईसह, एक लोखंडी तवा, एक बिडाची कढई, एक चांगल्या तळाचा स्टेनलेस गंज आणि मुद्रेचा कुकर, अशीं पांच भांडीं मुलीबरोबर पाठविणें तिच्या संसाराला अधिक हितकर होईल. रुखवताच्या टेबलावर तीं पांच भांडीं थोडीं वाटतील; दहा वर्षांनंतर तिच्या ओट्यावर तींच उभीं असतील.

देशी मालाची प्रतिष्ठा शेवटीं गिऱ्हाइकाच्या डोळसपणावर अवलंबून असते. मिळेल तें गोड मानून घेणारें गिऱ्हाईक कारखानदाराला आळशी करतें आणि चांगल्या कारागिराला उपाशी मारतें. उलट, भांडें उलटें करून तळ पाहणारी, टिचकी वाजवून आवाज ऐकणारी, मुद्रेचा क्रमांक विचारणारी आणि कल्हईच्या कांडीला कान लावणारी गृहिणी खामगावच्या बाजारपेठेंत उभी राहूनसुद्धां भंडाऱ्याच्या कासाराचें, भाईंदरच्या कारखान्याचें आणि आपल्याच गांवच्या लोहाराचें काम सुधारीत असते. तिला असें विचारण्याची संवय लागणें, हीच देशी भांड्यांच्या धंद्याला मिळणारी सर्वांत मोठी मदत होय.